आज्जीचे घोंगडे

यंदाच्या अंकासाठी काहीतरी विज्ञानाचे लिहून द्या, असा निरोप शाळेतून आला, तेव्हा मला विषय शोधत बसावे लागले नाही. ३४ वर्षे विज्ञान शिकवताना माझ्या टेबलावर रजेच्या ज्या चिठ्ठ्या येत, त्यांतल्या निम्म्यांवर एकच कारण असे: 'ताप आल्यामुळे'. पावसाळ्यात तर गठ्ठाच पडायचा. काही चिठ्ठ्यांतला ताप खरा असे, काहींतला न केलेल्या गृहपाठाचा असे. तो हस्ताक्षरावरून ओळखू यायचा! पण ताप म्हणजे काय, तो कोण आणतो आणि कशासाठी आणतो, असे वर्गात उठून विचारणारा विद्यार्थी क्वचितच भेटला. मला स्वतःला हे प्रश्न पडले तेही पुस्तक वाचून नव्हे. आमच्या घरात तापावरून एक मोठे भांडण झाले होते आणि त्याचा निकाल लागायला ३३ वर्षे गेली.

१९७३ सालचा श्रावण. मी दहा वर्षांची होते आणि धाकटा भाऊ दोन वर्षांचा. कलघटगीचा पाऊस तुम्हाला सांगायला नको, तीन दिवस झड लागलेली होती. संध्याकाळपासून धाकटा किरकिर करू लागला. हातपाय गार पडले, ओठ फिके झाले आणि तो कुडकुडायला लागला. आज्जीने त्याला मांडीवर घेतले, तळवे चोळले आणि आपल्या काळ्या घोंगड्यात गुंडाळले. "हिव आलंय पोराला. हिव गेलं की घाम सुटंल, मग मोकळं करू," असे ती आईला म्हणाली. अर्धा तास झाला असेल नसेल, तोच त्याचे डोळे वर गेले, अंग ताठ झाले आणि हातपाय झटके देऊ लागले.

आई किंचाळली. शेजारी धावून आले. कुणी कांदा फोडून नाकाशी धरला, कुणी चप्पल हुंगवली, कुणी दातखीळ बसेल म्हणून तोंडात चमचा घातला. त्या चमच्याने त्याचा पुढचा दुधाचा दात अर्धा मोडला. आज विचार करते तेव्हा वाटते की सगळा प्रकार दोन-तीन मिनिटांचाच असावा. त्या वेळी मात्र रात्र सरत नव्हती. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, भर पावसात कारवार रस्त्यावर जाऊन एक ट्रक थांबवला आणि त्याला घेऊन हुबळी गाठली. पोहोचेपर्यंत झटके कधीच थांबले होते आणि पोरगे शांत झोपले होते. तिथे कुणीतरी विचारले, "इतकं कशाला गुंडाळलं होतं? ताप डोक्यात जातो अशानं." बस्, तेवढे एक वाक्य.

दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर अण्णा सगळ्यांदेखत आज्जीला म्हणाले, "आई, तुझ्या घोंगड्यानं काल माझं पोर गेलं असतं."

आज्जी काही बोलली नाही. घोंगडे घडी होऊन माळ्यावर गेले. त्या दिवसापासून घरचा कायदा बदलला. कुणाला ताप आला की पांघरूण काढायचे, खिडकी उघडायची आणि विहिरीच्या गार पाण्याने अंग पुसायचे. दोन वर्षांनी मला ताप आला तेव्हा हा कायदा मला लागू झाला. मी थंडीने दात वाजवत होते आणि अण्णा ओल्या पंचाने माझी पाठ पुसत होते. अण्णा कठोर नव्हते, ते रात्रभर माझ्याजवळ बसून होते. त्यांच्या मनात भीती बसली होती, एवढेच. मला आठवते ती स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली आज्जी. तिने एकदा माझ्याकडे पाहिले, काही म्हणायला तोंड उघडले आणि आत निघून गेली. त्यानंतर १९८८ मध्ये ती गेली तोपर्यंत घरातल्या कुठल्याही तापाबद्दल तिने एक शब्द काढला नाही.

आता आज्जीला हे घोंगड्याचे कुणी शिकवले? त्यासाठी आपल्या या भागाचा थोडा इतिहास पाहावा लागतो.

आपला तालुका म्हणजे अर्धा मलनाड. भाताची खाचरे, बेडती नदी, तिला मिळणारे ओढे, आणि पलीकडे यल्लापूर-मुंडगोडचे जंगल. आज्जी लग्न होऊन आली तेव्हा हा सगळा पट्टा हिवतापाचा होता. ती सांगायची, भात कापणीच्या दिवसांत घरटी एक माणूस अंथरुणात असायचे. एक दिवस ताप, एक दिवस बरे, पुन्हा तिसऱ्या दिवशी ठरल्या वेळी हुडहुडी. पोरांच्या पोटात पाणथरी वाढलेली असायची, म्हणजे प्लीहा सुजून डाव्या कुशीत हाताला लागायची. औषध एकच, ते कडूजार कोयनेल, आणि तेही वेळेवर मिळेल तर. हिवताप डासांतून पसरतो हे १८९७ मध्ये सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या पोटात त्याचे जंतू पाहून दाखवले होते. पण ही बातमी खेड्यातल्या माणसाच्या उपयोगी पडायला आणखी ५० वर्षे लागली. डोंगराळ भागात हा ताप पसरवणारा मुख्य डास वाहत्या ओढ्यांच्या काठाशी वाढतो, आणि ओढे तर आपल्याकडे हवे तितके.

पुढे जे घडले त्याची नोंद आपल्या विद्यार्थ्यांना असायला हवी. १९४६ साली तेव्हाच्या मुंबई प्रांतातल्या धारवाड आणि कॅनरा (म्हणजे आजचा उत्तर कन्नड) या दोन जिल्ह्यांत घरांच्या आतल्या भिंतींवर डीडीटी फवारण्याचे मोठे काम सुरू झाले. प्रांताच्या हिवताप खात्याचे डॉ. डी. के. विश्वनाथन आणि त्यांचे सहकारी टी. रामचंद्र राव यांनी ते केले आणि पहिल्या वर्षाचे निष्कर्ष छापून प्रसिद्ध केले. खेड्यापाड्यांतला हिवताप फवारणीने आटोक्यात येतो हे भारतात ज्या मोजक्या ठिकाणी आधी दिसले, त्यांत आपला जिल्हा होता! १९५३ मध्ये देशभर हिवताप नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला, तो अशा अनुभवांच्या आधारावर. त्या सुमारास देशात दर वर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप होतो आणि आठ लाख माणसे दगावतात, असा अंदाज होता. आज्जीला ही नावे आणि आकडे ठाऊक नव्हते. "सरकारची माणसं भिंतीवर पांढरं पाणी मारून गेली आणि दोन-तीन वर्षांत हिव कमी झालं," एवढे ती सांगायची.

पण त्याआधीच्या वर्षांत तिने शेकडो वेळा तापाची चाल डोळ्यांनी पाहिली होती: आधी हिव, मग ताप, मग घाम. हिव असताना पांघरूण घालायचे, घाम आला की काढायचे. हे तिचे शास्त्र. आणि भाषा पाहा. मराठीत आपण 'हिवताप' म्हणतो, शेजारी कन्नडात 'चळि ज्वर' म्हणतात. हिव म्हणजे थंडी आणि चळि म्हणजेही थंडीच. ज्या आजारात अंग भाजते त्याच्या नावात दोन्ही भाषांनी थंडी घालून ठेवली आहे. शाळेत असताना मला हे फार विचित्र वाटे. अंग गरम असेल तर माणसाला गरम वाटायला हवे, थंडी का वाजते?

उत्तर धारवाडला बी.एस्सी. करताना मिळाले. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा बदामाएवढा भाग आहे. शरीराचे तापमान किती ठेवायचे हे तो ठरवतो. आपल्या इस्त्रीला एक चाक असते ना, सुती, रेशमी असे लिहिलेले? चाक ज्या खुणेवर ठेवाल तितकी इस्त्री तापते आणि तिथे टिकते. निरोगी माणसाचे चाक साधारण ९८.६ अंश फॅरनहाइटवर असते. हा आकडा १८६८ मध्ये जर्मन डॉक्टर वुंडरलिख यांनी हजारो रुग्णांच्या काखेत थर्मामीटर लावून काढला. प्रत्यक्षात माणसामाणसांत थोडा फरक असतो, आणि सकाळपेक्षा संध्याकाळी अंग जरा अधिक गरम असते, त्यामुळे ९९ दिसले की घाबरून जाण्याचे कारण नाही.

रोगजंतू शरीरात शिरले की रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्यांना ओळखतात आणि इंटरल्यूकिनसारखी काही रसायने सोडतात. हा निरोप रक्तावाटे मेंदूपर्यंत जातो. तिथे प्रोस्टाग्लँडिन नावाचे दुसरे रसायन तयार होते आणि ते हायपोथॅलॅमसचे चाक वर सरकवते, समजा १०३ वर. आता गंमत बघा. चाक १०३ वर आहे आणि अंग अजून ९८.६ वरच आहे. मेंदूच्या हिशेबाने शरीर साडेचार अंश गार पडले आहे! म्हणून खरोखरीची थंडी वाजते. उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हातपाय गार आणि ओठ फिके होतात. स्नायू भराभर आकुंचन पावून उष्णता तयार करू लागतात, तीच हुडहुडी. माणूस आपसूक पाय पोटाशी घेतो आणि पांघरूण मागतो. अंग १०३ ला पोहोचले की हुडहुडी थांबते. पुढे केव्हातरी निरोप ओसरतो, चाक खाली येते, आणि आता तेच अंग मेंदूला जास्त गरम वाटते. रक्तवाहिन्या सैल होतात, चेहरा लाल होतो, घाम फुटतो. आधी हिव, मग ताप, मग घाम, या क्रमाने. हिवतापाचे जंतू तांबड्या पेशींत वाढतात आणि सगळे मिळून एकदमच पेशी फोडून बाहेर पडतात. नेहमीच्या प्रकारात हे दर ४८ तासांनी घडते, म्हणून तो ताप घड्याळ लावल्यासारखा एकाआड एक दिवस यायचा.

म्हणजे ताप जंतू आणत नाहीत, आपले शरीरच तो चढवते, आणि तेही ठरवून. हे वाचले त्या दिवशी मला दारात उभी असलेली आज्जी आठवली. मी दात वाजवत होते तेव्हा माझे चाक वर गेलेले होते. कातडीवर गार पाणी पडल्याने ते खाली येणार नव्हते. उलट शरीराला आणखी जोराने कुडकुडून तीच उष्णता पुन्हा तयार करावी लागत होती. पण तेव्हा आज्जी हयात असूनही मी घरी येऊन अण्णांना काही बोलले नाही. एक तर वडिलांना शिकवायची आमच्या घरी रीत नव्हती. आणि दुसरे म्हणजे धाकट्याचे झटके? त्यांचे उत्तर माझ्या त्या पुस्तकात नव्हते.

शरीर हा उपद्व्याप का करते, याचा मला आवडलेला पुरावा सरड्याचा आहे. सरड्याला आपल्यासारखी आतून उष्णता तयार करता येत नाही. थंडीच्या सकाळी तो शाळेच्या कुंपणाच्या भिंतीवर ऊन खात बसलेला तुम्ही पाहता, तीच त्याची शेगडी. १९७५ मध्ये अमेरिकेत मॅथ्यू क्लुगर आणि सहकाऱ्यांनी वाळवंटातल्या इग्वाना जातीच्या सरड्यांना जंतू टोचले आणि त्यांना वेगवेगळ्या तापमानांत ठेवले. जे ४२ अंश सेल्सिअसला होते त्यांतले बहुतेक आठवडाभराने जिवंत होते. जे ३४ ते ३६ अंशांना होते ते सगळे मेले. आणि मोकळे सोडले तर आजारी सरडा आपण होऊन अधिक गरम जागा शोधतो! पुढच्या वर्षी त्यांनी आजारी सरड्यांना ताप उतरवणारे औषध दिले. ज्यांचा ताप उतरला ते दगावले, ज्यांचा टिकला ते वाचले. वाढलेल्या तापमानात पुष्कळ जंतूंची वाढ मंदावते आणि पांढऱ्या पेशी अधिक जोमाने काम करतात, असे आज मानले जाते. व्हिएन्नाच्या वॅग्नर-याउरेग नावाच्या डॉक्टरांनी तर १९१७ पासून मेंदूच्या एका जुनाट रोगाच्या रुग्णांना मुद्दाम हिवताप देऊन बरे करायला सुरुवात केली आणि १९२७ चे नोबेल मिळवले. त्यात काही रुग्ण हिवतापानेच गेले, आणि पेनिसिलीन आल्यावर तो उपचार बंद पडला हे बरेच झाले.

सरडा आणि माणूस यांत फरक आहे, हेही सांगितले पाहिजे. ताप फुकट येत नाही. अंगाचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवायचे तर शरीराला दहा-बारा टक्के जास्त ऊर्जा लागते. हृदय जोरात चालते, श्वास वाढतो, पाणी कमी होते. धडधाकट मुलाला हा खर्च परवडतो. म्हाताऱ्या माणसाला, हृदयाच्या किंवा दम्याच्या रुग्णाला तो जड जातो. म्हणून पॅरासिटॅमॉल घेणे पाप नव्हे. ते मेंदूतले प्रोस्टाग्लँडिन कमी करते आणि चाक खाली आणते, त्यामुळेच गोळी घेतल्यावर तासाभरात घाम येतो. पण ते एकाही जंतूला मारत नाही. माणसाला बरे वाटावे, पाणी प्यावे, झोप लागावी, यासाठी ते घ्यायचे, थर्मामीटरमधला आकडा पाडण्यासाठी नव्हे. आणि मुलांना तापात अ‍ॅस्पिरिन देऊ नये, हे पालकांनी लक्षात ठेवावे. त्याने क्वचित, पण यकृत आणि मेंदूचा गंभीर आजार होतो.

आता २००६. त्या वर्षी चिकुनगुन्याची साथ आली, ती कोणी विसरले नसेल. देशात १३ लाखांवर संशयित रुग्ण आणि त्यांतले निम्म्याहून अधिक आपल्या कर्नाटकातले. वाकून, भिंत धरून चालणारी माणसे गल्लोगल्ली दिसत होती. आफ्रिकेतल्या ज्या भाषेतून हे नाव आले तिच्यात त्याचा अर्थच 'वाकवणारा' असा आहे. जुलैमध्ये मला तो झाला. अंथरुणात पडल्या पडल्या करायला काही नव्हते, म्हणून मी दर अर्ध्या तासाला थर्मामीटर लावून वहीत आकडे लिहिले. घरचे हसले. पण ती वही मी पुढे दहा वर्षे दहावीच्या वर्गात दाखवली. दुपारी ३ वाजता १००, आणि मी दोन चादरी घेऊन कुडकुडते आहे. ४ वाजता १०३, आणि थंडी गायब! सगळ्यात जास्त थंडी वाजली तेव्हा ताप सगळ्यात कमी होता. मुलांना हे कितीही सांगितले तरी पटत नसे, आकडे पाहिले की पटे.

मी उठून काठी टेकत चालू लागले तोच ऑगस्टमध्ये धाकट्याच्या दीड वर्षाच्या मुलीला ताप भरला. ती आपल्या कलघटगीच्या त्या रंगीत लाकडी पाळण्यात निजली होती. अंगावर पांघरूण नव्हते, खिडकी उघडी होती, कपाळावर ओली पट्टी होती. सगळे अण्णांच्या कायद्याप्रमाणे. आणि तरीही तिचे डोळे वर गेले आणि झटके सुरू झाले. वैनी रडू लागली. धाकटा हातपाय गळून बसला. ७० पार केलेले अण्णा दारात उभे राहून पाहत होते. मी तिला कुशीवर वळवले, तोंडात कुणाला काही घालू दिले नाही आणि घड्याळ पाहिले. दोन मिनिटांत झटके थांबले.

हुबळीला मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मुलीला नीट तपासले, मान ताठ नाही ना पाहिले, आणि मग अर्ध्या कन्नडात, अर्ध्या मराठीत विचारले, "घरात आणखी कुणाला लहानपणी असं झालं होतं का?"

धाकट्याने स्वतःकडे बोट दाखवले.

डॉक्टर म्हणाले, मग यात नवल नाही. सहा महिने ते पाच वर्षे या वयात शंभरातल्या दोन ते पाच मुलांना तापात असे झटके येतात. वाढत्या मेंदूला चढता ताप सोसत नाही, आणि ही प्रवृत्ती घराण्यात उतरते. बहुतेकांचे पुढे काही बिघडत नाही, शाळेत, अभ्यासात ही मुले इतरांसारखीच असतात. झटके पाच मिनिटांहून जास्त टिकले, किंवा एकाच दिवसात पुन्हा आले, तर मात्र ताबडतोब दवाखाना. तापाचे औषध वेळेवर देऊनही ते टळतातच असे नाही.

अण्णांनी कन्नडात विचारले, "पांघरुणात गुंडाळल्यामुळं होतं का हे?"

"नाही हो आजोबा. तान्ह्या बाळाला फार गुंडाळू नये हे खरं, अंग थोडं जास्त तापतं. पण झटके पांघरुणामुळं येत नाहीत. आज कुठं पांघरूण होतं?"

परतीच्या वाटेवर अण्णा गाडीच्या खिडकीतून बाहेर पाहत होते. कलघटगीच्या अलीकडे ते एवढेच म्हणाले, "आईला सांगायला पाहिजे होतं." आज्जीला जाऊन १८ वर्षे झाली होती. मला त्यांचा राग आला नाही. राग आला तो माझा. कातडीवरच्या गार पाण्याचा हिशेब मला कॉलेजात असल्यापासून ठाऊक होता. निदान तेवढा तरी तिच्याजवळ बसून सांगता आला असता.

घरी येऊन धाकट्याने माळ्यावर पाहिले. घोंगडे होते, पण कसरीने चाळण केली होती.

हा लेख पालकही वाचतील म्हणून दोन गोष्टी सांगते. ताप हे आजाराचे नाव नाही, नाव वेगळे शोधावे लागते. हिवताप, डेंग्यू, टायफॉईड, चिकुनगुन्या, सगळे 'ताप' म्हणूनच दारात येतात. आपण तर जंगलाच्या कडेचे लोक. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली आणि गावांत लोक तापाने फणफणू लागले. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी तिथे येऊन तो नवा विषाणू शोधला आणि तो गोचिडांतून पसरतो हे दाखवले. २०१६ मध्ये तोच ताप सिंधुदुर्गातल्या दोडामार्गकडे गेला. तिथले मराठी लोक त्याला माकडताप म्हणतात. तेव्हा जंगलात लाकूडफाट्याला जाऊन आल्यावर ताप आला तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचा कोणताही ताप, मान ताठ होणे, अंगावर पुरळ, धाप लागणे, पाणी न पिणे, गुंगी, किंवा तीन दिवसांहून जास्त टिकलेला ताप, यांत घरगुती उपाय करत बसू नका. डास-गोचिडांच्या तापात आपल्या मनाने अ‍ॅस्पिरिन किंवा दुसरी वेदनाशामक गोळी घेऊ नका, डेंग्यू असेल तर रक्तस्राव होऊ शकतो.

दुसरी गोष्ट उन्हाची. एप्रिल-मे मध्ये भर दुपारी शेतात राबणाऱ्या माणसाचे अंग भाजू लागले, तो असंबद्ध बोलू लागला, तर तो ताप नव्हे, उष्माघात आहे. तिथे चाक वर गेलेले नसते. बाहेरून आणि कष्टाने आलेली उष्णता शरीराला आवरत नाहीशी झालेली असते. पॅरासिटॅमॉल तिथे काही कामाचे नाही. सावलीत नेऊन भरपूर पाणी ओतायचे, वारा घालायचा आणि तसेच दवाखान्यात न्यायचे. अण्णांचे विहिरीचे गार पाणी इथे मात्र अगदी बरोबर.

ती पाळण्यातली भाची आता मोठी झाली, शिकायला परगावी असते. गेल्या पावसाळ्यात रात्री तिचा फोन आला, आवाज थरथरत होता.

"आत्या, ताप १०१ आहे आणि थंडी फार वाजतेय. रूममधली मुलगी म्हणते पांघरूण घेऊ नकोस, ताप वाढेल. काय करू?"

"थंडी वाजतेय तर घे पांघरूण. गरम पेज घे, पाणी पीत राहा. घाम सुटला की काढून टाक. आणि सकाळी रक्त तपासून ये."

"बरं. आत्या, हे तुला कुणी सांगितलं?"

"तुझ्या पणजीनं," मी म्हटले.